उसनी यंत्रे आणि शेजारधर्म

पावसाळा सरला की पेडणे तालुक्यातील सड्यांवर गवत कंबरेइतके माजलेले असते. मोपाच्या पठाराच्या उतारांवर आणि पायथ्याच्या वाड्यांतून काजूची झाडे आहेत. फेब्रुवारी-मार्चपासून बोंडू गळू लागतात. त्यापूर्वी झाडाखालची जमीन स्वच्छ केलेली नसेल, तर गळलेला बोंडूही सापडत नाही आणि बीही हाती लागत नाही. पूर्वी हे काम कोयत्याने होई. चार माणसे ओळीने बसत, गप्पा चालत आणि दिवस मावळेपर्यंत बागेचा एक तुकडा मोकळा होई. सांप्रत तेच काम ग्रास कटर नावाचे यंत्र खांद्याला अडकवून एकटा मनुष्य काही तासांत उरकतो.

परंतु यंत्र प्रत्येक घरी नसते. ज्याच्या घरी असते, त्याच्या दाराशी नोव्हेंबर उजाडताच शेजारी, मेहुणा, चुलतभाऊ आणि मुलाचा पादीन असे सारेच येऊन उभे राहतात. मागणे लहानसेच असते : दोन दिवसांपुरता तुमचा कटर मिळेल काय? जे कटरचे, तेच भिंतीला भोक पाडणाऱ्या ड्रिलचे, लोखंड कापणाऱ्या ग्राइंडरचे, लाकूड कापणाऱ्या साखळी-करवतीचे आणि विहिरीवरच्या पंपाचे. ५ जानेवारी २०२३ रोजी मोपाच्या पठारावरील विमानतळावरून विमाने उडू लागली. त्याच्या आसपास बांधकामे वाढली, घरे दुरुस्त होऊ लागली, आणि पूर्वी केवळ मेस्त्रीच्या पेटीत असणारी यंत्रे सामान्य कुटुंबाच्या पडवीत येऊन बसली.

वाचकहो, विषय क्षुल्लक वाटेल. तथापि अशा उसनवारीतून किती घरांतील बोलणे बंद झाले आहे याचा प्रत्येकाने आपल्याच वाड्यापुरता विचार केला, तर तो क्षुल्लक वाटणार नाही. जमिनीच्या बांधावरून भांडणे होतात हे सर्वांस ठाऊक आहे; परंतु बांध तरी जागचा हलत नाही. यंत्र मात्र एका घरून दुसऱ्या घरी जाते, कधी तेथून तिसऱ्या घरी जाते, आणि परत येते तेव्हा ते पूर्वीचे राहिलेले नसते. म्हणून या व्यवहाराचा धर्म कोणता, न्याय कोणता आणि शहाणपण कोणते, याचा विचार येथे करण्याचे आम्ही योजिले आहे.

जुनी उसनवार व नवी उसनवार

आपल्या कोकणपट्टीत देण्याघेण्याची रीत जुनी आहे. एकाचा एक बैल आणि दुसऱ्याचा एक बैल मिळून जोत जुंपण्याच्या पद्धतीला सावड असे म्हणत. लग्नाच्या घरी हंडे, घंगाळे आणि मोठी भांडी वाड्यातून गोळा होत आणि कार्य आटोपले की घासूनपुसून ज्याची त्याला पोचती होत. शिडी, पहार, दोर, कुऱ्हाड ही कोणाच्या मालकीची आहेत, हे कित्येकदा मालकालाही आठवून सांगावे लागे. त्या देण्याघेण्यातून तंटे क्वचित उद्भवत. याचे कारण त्या काळची माणसे देवदूत होती असे नव्हे. त्या वस्तूच तशा होत्या. कुऱ्हाडीची धार गेली तर ती डोळ्यांना दिसते आणि दगडावर घासून पुन्हा आणता येते. दांडा मोडला तर रानातील लाकडाचा दुसरा बसविता येतो. नुकसान उघड असते आणि भरपाई हाताच्या अंतरावर असते.

यंत्राचे तसे नाही. यंत्राचा आजार पोटात असतो. ग्रास कटरचेच उदाहरण घ्या. यांतील पुष्कळ यंत्रांना टू-स्ट्रोक इंजिन असते. अशा इंजिनात वंगणासाठी निराळी टाकी नसते; पेट्रोलमध्येच विशिष्ट तेल मिसळावे लागते. किती मिसळावे हे त्या त्या यंत्राच्या पुस्तिकेत लिहिलेले असते. काही यंत्रांना पंचवीस भाग पेट्रोलास एक भाग तेल, म्हणजे लिटरला ४० मिलिलिटर लागते. काहींना पन्नासास एक, म्हणजे लिटरला २० मिलिलिटर. उसने नेणाऱ्याने पंपावरून आणलेले नुसते पेट्रोल भरले, तर यंत्र सुरू होते, गवतही कापते, आणि थोड्याच वेळात आतला पिस्टन कोरडा घासून चिकटून बसतो. उलट फोर-स्ट्रोक इंजिनाचे तेल स्वतंत्र असते. त्याच्या पेट्रोलात तेल मिसळणे ही चूकच ठरते. दोन्ही यंत्रे बाहेरून पाहता जवळजवळ सारखी दिसतात. देणारा सांगत नाही, घेणारा विचारीत नाही, आणि कित्येक हजार रुपयांची वस्तू एका सकाळीत निकामी होते.

विजेच्या यंत्रांची गोष्ट याहून सूक्ष्म आहे. ड्रिलच्या किंवा ग्राइंडरच्या मोटारीत कार्बनचे दोन लहान तुकडे असतात. ते वापराने झिजतातच. दहा घरांनी वापरलेल्या यंत्राचा कार्बन अकराव्याच्या हाती संपला, तर तो अकराव्याचा अपराध नव्हे. दूरच्या बागेत लांबलचक व बारीक वायर जोडून यंत्र चालविले तर पोचणारा दाब कमी पडतो, मोटार तापते आणि आतील वेटोळे जळते; पण तो जळका वास यंत्र परत करण्याच्या दिवसापर्यंत उडून गेलेला असतो. मग मालक म्हणतो, तुम्ही नेण्यापूर्वी ते चांगले होते. नेणारा म्हणतो, आम्ही आणले तेव्हाच ते आवाज करीत होते. दोघेही आपल्या समजुतीप्रमाणे खरेच बोलत असतात आणि म्हणूनच तो तंटा मिटत नाही.

ही यंत्रे मानवी घरात येऊन फार काळ लोटलेला नाही हेही लक्षात घेतले पाहिजे. जर्मनीतील स्टुटगार्ट येथे फाइन यांच्या कारखान्याने हाती धरण्याजोगे विजेचे ड्रिल १८९५ साली तयार केले. पिस्तुलासारखी मूठ व बोटाने दाबण्याचा घोडा असलेल्या ड्रिलचे पेटंट अमेरिकेतील ब्लॅक अँड डेकर यांना १९१७ साली मिळाले. आंद्रेआस श्टील यांनी विजेवर चालणारी साखळी-करवत १९२६ साली बनविली. आणि फिरत्या दोरीने गवत कापण्याची युक्ती अमेरिकेतील ह्यूस्टन शहरी जॉर्ज बॅलस यांनी १९७१ साली काढली. कुऱ्हाड कशी मागावी आणि कशी परत करावी हे शिकण्यास मानवजातीला हजारो वर्षे मिळाली. या यंत्रांच्या बाबतीत आपण अद्याप शिकत आहोत.

पवित्र शास्त्रातील उसनी कुऱ्हाड

तथापि मूळ प्रश्न नवा नाही. राजांच्या दुसऱ्या ग्रंथाच्या सहाव्या अध्यायात अलीशा संदेष्ट्याची एक लहानशी कथा आहे. संदेष्ट्यांच्या शिष्यांस राहण्याची जागा अपुरी पडू लागली; म्हणून ते यार्देन नदीकाठी लाकडे तोडण्यास गेले. एकजण ओंडका तोडीत असता कुऱ्हाडीचे पाते निसटून पाण्यात पडले. तो मनुष्य आक्रोश करू लागला. त्याचे दुःख काम थांबल्याचे नव्हते. ती कुऱ्हाड मागून आणलेली होती, याचे होते. अलीशाने पाते कोठे पडले ते विचारले, तेथे एक काठी तोडून टाकली आणि लोखंड पाण्यावर तरंगू लागले.

या चमत्काराविषयी आपण उपदेशांतून ऐकतो. परंतु त्या मनुष्याच्या आक्रोशाकडे आपले लक्ष जात नाही. लोखंड त्या काळी दुर्मीळ व मोलाचे होते. शमुवेलाच्या पहिल्या ग्रंथात असे सांगितले आहे, की शौल राजाच्या दिवसांत इस्राएलात लोहार नव्हता आणि फाळ व कुऱ्हाडी यांना धार लावून घेण्यास लोकांना पलिष्ट्यांकडे जावे लागे व त्याचे दाम मोजावे लागत. अशी वस्तू गरीब शिष्याने मागून आणली होती. ती हरवताच त्याने ती नदीत आपोआप पडली असे म्हणून हात झटकले नाहीत. दुसऱ्याची वस्तू आपल्या हातून गेली ही जाणीव त्याला प्रथम झाली. ज्याला ही जाणीव आहे, त्याला वस्तू देण्यास कोणी कचरत नाही. देवानेही त्याचीच लाज राखली.

निर्गमाच्या बाविसाव्या अध्यायातील नियम तर आजच्या आपल्या पडवीसाठीच लिहिल्यासारखा आहे. शेजाऱ्याकडून मागून आणलेले जनावर जायबंदी झाले किंवा मेले आणि त्या वेळी त्याचा मालक जवळ नव्हता, तर आणणाऱ्याने भरपाई करावी. मालक जवळ असेल तर भरपाई करू नये. जनावर भाड्याचे असेल, तर ते नुकसान भाड्यातच आले. तीन लहान वाक्यांत केवढा विवेक साठविलेला आहे! मागून आणणाऱ्याला सारा लाभ फुकट मिळतो, म्हणून जोखीमही त्याची. भाडे घेणाऱ्याने जोखमीचे दाम आधीच घेतलेले असते. आणि मालक स्वतः हजर असेल, तर वस्तू कशी वापरली जाते हे तो डोळ्यांनी पाहत असतो. मागाहून त्याला तक्रारीस जागा उरत नाही.

या तिसऱ्या मुद्द्यात एक व्यावहारिक उपाय दडलेला आहे. अवघड व धोक्याचे यंत्र मागितले गेले, तर ते एकटे न पाठविता आपण त्याच्याबरोबर जावे. शेजाऱ्याच्या घरी जाऊन तीन भोके आपल्या हाताने पाडून द्यावीत, चहा घ्यावा, आणि यंत्र घेऊन परत यावे. यात वेळ जातो हे खरे. परंतु यंत्र वाचते, शेजारी वाचतो आणि स्नेह वाढतो. जुन्या सावडीत बैलाबरोबर बैलाचा धनीही येत असे, हे विसरू नये.

कायदा काय सांगतो

उसनवारीत कायदा कशाला, असे कोणी म्हणेल. कोर्टात जाण्यासाठी आम्ही तो सांगत नाही. शहाण्या माणसांनी पुष्कळ अनुभवानंतर घालून दिलेली ती मर्यादा आहे म्हणून सांगतो. १८७२ च्या भारतीय करार कायद्यात, दुसऱ्याच्या हवाली केलेल्या वस्तूंविषयी स्वतंत्र प्रकरण आहे.

कलम १५० प्रमाणे वस्तूतील जो दोष देणाऱ्याला ठाऊक आहे आणि ज्यामुळे घेणाऱ्याला धोका पोचू शकतो, तो दोष देणाऱ्याने सांगितलाच पाहिजे. कायद्यात उदाहरण घोड्याचे आहे. घोडा खट्याळ आहे हे ठाऊक असूनही मालकाने ते लपविले आणि घेणारा पडून जखमी झाला, तर जबाबदार मालक. आता घोड्याच्या जागी कवच काढून टाकलेला ग्राइंडर किंवा आवरण फाटलेली वायर ठेवून पाहा.

कलम १५१ सांगते, की साधारण शहाणा मनुष्य स्वतःच्या वस्तूची जितकी काळजी घेतो, तितकी घेणाऱ्याने घ्यावी. तितकी घेतली असेल आणि तरीही वस्तू बिघडली, तर निराळा करार नसल्यास कलम १५२ त्याला दोषी धरीत नाही. येथे मोशेचा नियम अधिक कडक आहे आणि आजचा कायदा अधिक सौम्य आहे. म्हणूनच आधी बोलून ठेवणे दोघांच्याही हिताचे. कलम १५४ मध्ये पुन्हा घोडाच आहे. एकाने स्वतःच्या स्वारीसाठी म्हणून घोडा मागून नेला आणि घरातील दुसऱ्याला बसू दिला. त्याने सांभाळूनच हाकला, तरीही घोडा पडून जखमी झाला, तर भरपाई मागून नेणाऱ्याने करावयाची. मेहुण्याला दिलेला कटर मेहुण्याच्या मित्राच्या बागेत सापडतो तेव्हा हेच कलम लागू पडते.

कलम १६० व १६१ तर प्रत्येक घराच्या दारावर लिहून ठेवण्याजोगी आहेत. मुदत संपली किंवा काम झाले, की मालकाने न मागताच वस्तू परत केली पाहिजे. आणि वेळेवर परत न केल्यास त्यानंतरच्या प्रत्येक नुकसानीची जबाबदारी ठेवून घेणाऱ्यावर येते. न मागताच परत केली पाहिजे, हे त्यातील वर्म आहे. आपल्याकडे उलट समजूत रूढ झाली आहे. त्यांना लागेल तेव्हा ते मागतील, असे म्हणून यंत्र कोपऱ्यात पडून राहते. मालक मागावयास लाजतो, घेणारा पाठवावयास विसरतो, आणि टाकीत उरलेले पेट्रोल पावसाळ्याच्या दमट हवेत खराब होऊन आतील नळ्या चोंदवून टाकते.

ख्रिस्तसभेची शिकवण

आपली वस्तू ही केवळ आपलीच काय? तेराव्या शतकात संत थॉमस अक्विनास यांनी या प्रश्नाचा निवाडा केला आहे. वस्तूची मालकी व देखभाल व्यक्तीकडे असणे योग्य आहे, कारण जे सर्वांचे असते त्याची काळजी कोणीच घेत नाही. परंतु तिचा उपयोग करताना मनुष्याने ती सर्वांची असल्याप्रमाणे, गरजूंना द्यावयास सदैव तयार असावे. पोप तेरावे लिओ यांनी १८९१ सालच्या ‘रेरुम नोव्हारुम’ या परिपत्रात हाच विचार पुढे ठेवला. मत्तयाच्या शुभवर्तमानात प्रभू येशूने, उसने मागणाऱ्याकडे पाठ फिरवू नका, असेच सांगितले आहे.

मग कोणी विचारील, की मागेल त्याला मागेल ते देणे हाच धर्म ठरला काय? येथे सिराखाच्या ग्रंथाचा एकोणतिसावा अध्याय वाचावा. शेजाऱ्याच्या गरजेला द्या, असे तो सांगतो. आणि त्याच दमात घेणाऱ्याला बजावतो, की ठरल्या वेळी परत करा. पुष्कळ लोक उसने मिळालेले म्हणजे वाटेत सापडलेले धन समजतात. मिळेपर्यंत हात जोडतात आणि परत करण्याच्या वेळी सबबी सांगतात. म्हणून कित्येक भले लोक दुष्टपणाने नव्हे, तर फसवणुकीच्या भीतीने देण्याचे थांबवितात. दोन हजार वर्षांहून जुना हा ग्रंथकार जणू आपल्या वाड्यातच राहत होता!

याचा अर्थ गंभीर आहे. जो उसने नेलेले परत करीत नाही, तो एका मालकाचेच नुकसान करीत नाही. पुढे खरोखर अडलेला जो गरीब येणार असतो, त्याच्यासाठी उघडे असलेले दार तो बंद करून जातो. म्हणूनच १९९२ सालच्या ख्रिस्तसभेच्या धर्मशिक्षणग्रंथात उसनी घेतलेली वस्तू जाणूनबुजून ठेवून घेणे हे सातव्या आज्ञेचे उल्लंघन मानले आहे, मग देशाचा कायदा काहीही म्हणो. चोरी न करणारा सज्जन मनुष्यही कुमसाराला जाण्यापूर्वी आपल्या पडवीकडे एकदा पाहील तर बरे. आणि केवळ पश्चात्ताप पुरत नाही. वस्तू किंवा तिची भरपाई मालकाकडे पोचली पाहिजे.

काय द्यावे, काय देऊ नये

प्रीतीचा अर्थ भिडस्तपणा नव्हे. भीड भिकेची बहीण, असे आपल्या वाडवडिलांनी म्हटले आहे. यंत्राच्या बाबतीत ती कधी कधी अपघाताचीही बहीण होते. अनुवादाच्या ग्रंथात, रानात लाकूड तोडताना कुऱ्हाडीचे पाते दांड्यातून निसटून जवळच्या माणसाचा प्राण गेल्याचे उदाहरण दिलेले आहे. मारणाऱ्याच्या मनात वैर नव्हते. पण मरणारा मेला. आजच्या यंत्रांचा वेग त्या पात्याच्या कितीतरी पट आहे. चार इंची ग्राइंडरची चकती मिनिटाला सुमारे अकरा हजार वेळा फिरते. तिच्यावरचे कवच काढलेले असेल, चकतीची मुदत संपलेली असेल किंवा लोखंडाच्या यंत्राला लाकडाचे दातेरी पाते बसविले असेल, तर क्षणात बोटे किंवा डोळे जातात. साखळी-करवतीच्या टोकाची वरची कड लाकडाला लागली, तर करवत उसळून चालविणाऱ्याच्या तोंडाकडे येते. ग्रास कटरच्या पात्याखालचा खडा गोळीसारखा सुटतो. म्हणून चालविणाऱ्यापासून पन्नास फुटांच्या आत कोणी, विशेषतः मुलांनी, उभे राहू नये.

यावरून आमच्या मते असा विवेक करावा. ड्रिल, पंप, फवारणी यंत्र यांसारख्या वस्तू जाणत्या माणसाला समजावून सांगून द्याव्यात. ग्रास कटर ज्याने पूर्वी चालविला आहे त्यालाच द्यावा, आणि डोळ्यांचा चष्मा व पायांतील बूट यांसह द्यावा. ग्राइंडर आणि साखळी-करवत ही मात्र शक्यतो माणसाशिवाय देऊ नयेत. देण्याऐवजी आपण जावे किंवा जाणता गडी पाठवावा. शिवाय गोव्यात १९८४ च्या वृक्षसंरक्षण कायद्याप्रमाणे झाड तोडण्यास परवानगी लागते. करवत देण्यापूर्वी ती कशासाठी हवी, हे विचारण्यात उद्धटपणा नाही.

नकार द्यावयाचा असेल तर खरा द्यावा. यंत्र बिघडले आहे, असे खोटे सांगितले आणि दुसऱ्या दिवशी त्याचाच आवाज बागेतून ऐकू आला, तर त्या लबाडीचा व्रण नकाराहून खोल जातो. ‘हे यंत्र मी कोणाकडेही देत नाही, पण तुमचे काम मी शनिवारी येऊन करून देतो,’ असे म्हणणारा मनुष्य नाही म्हणूनही शेजारी राहतो.

आणखी एक भेद पाहावयास हवा. आपल्या घरची बाग साफ करण्यास यंत्र नेणे निराळे आणि ते नेऊन दुसऱ्याच्या बागेत मजुरीने चालविणे निराळे. पहिल्यात गरज आहे, दुसऱ्यात कमाई आहे. कमाईसाठी हवे असेल तर तसे स्पष्ट सांगावे आणि मालकाला त्याचा रास्त वाटा द्यावा. परंतु नेणारा घरी चूल पेटण्यासाठीच मजुरीला निघालेला असेल, तर मालकाने वाट्याचा आग्रह न धरणे हीच ख्रिस्ती दया. मोशेच्या नियमशास्त्रात जाते किंवा जात्याची वरची तळी गहाण ठेवून घेण्यास मनाई होती, कारण त्यावर कुटुंबाचा जीव अवलंबून असे. कोणाचे यंत्र हे कोणाचे जाते आहे, हे ओळखता आले पाहिजे.

घरातल्या घरात

परक्यांपेक्षा भावाभावांतील व्यवहार अधिक नाजूक असतो. वडिलांनी घेतलेले यंत्र वडिलांच्या पश्चात थोरल्याच्या पडवीत राहते. दुरुस्ती तो करतो, पेट्रोल तो भरतो. धाकटा मात्र ते वडिलांचे म्हणून हक्काने नेतो. दोघांच्याही म्हणण्यात तथ्य असते. अशा घरी वाटणीच्या वेळी जमिनीबरोबर यंत्रांचीही नावे लिहावीत. किंवा ती सामाईक ठेवावयाची असतील, तर दुरुस्तीचा खर्च निम्मा-निम्मा असे आईच्या समक्ष ठरवावे. मुंबईस किंवा आखातात असणाऱ्या भावाने पैसे पाठवून यंत्र घेतले असेल, तर ते कोणी वापरावे हेही त्याच्या तोंडून एकदा सर्वांसमोर वदवून घ्यावे. सासर-माहेरच्या नात्यांत तर या अवघडलेपणाचा भार बहुधा घरच्या सुनेवर पडतो. भावाने नेलेले यंत्र परत आले नाही, की नवरा तिला बोलतो. आणि मागावयास गेली, तर भाऊ रुसतो. पुरुषांनी केलेली देवघेव पुरुषांनीच निस्तरावी. तिला मध्ये उभे करू नये.

देणाऱ्याने व घेणाऱ्याने पाळावयाचे नियम थोडे आहेत. देणाऱ्याने यंत्र दारातच सुरू करून दाखवावे, त्याचा दोष सांगावा, तेलाचे प्रमाण टाकीवर ठळक लिहून ठेवावे, आणि कोणत्या दिवशी परत हवे ते आधीच सांगावे. एक जुनी वही ठेवून त्यात तारीख व नाव टिपावे. तो अविश्वास नव्हे, ती स्मरणाची काठी आहे. घेणाऱ्याने वाईटात वाईट काय होईल ते आधी विचारून घ्यावे, आणि बिघडल्यास दुरुस्ती आपली, असे स्वतःच्या तोंडाने म्हणावे. यंत्र तिसऱ्याच्या हाती देऊ नये. पात्याची धार, ड्रिलचे टोक, कटरची दोरी असे जे वापराने झिजते ते आपल्या खर्चाने बदलावे. टाकी भरून, पाते पुसून आणि स्वतः जाऊन परत करावे. काही बिघडले असेल तर मालकाला ते कळण्यापूर्वी आपण सांगावे. सांगितलेले नुकसान पैशांत मोजता येते. लपविलेले नुकसान मोजता येत नाही.

वाड्याचे सामाईक यंत्र

याहून पुढचा एक विचार सुचवावासा वाटतो. वर्षातून चार दिवस लागणारे यंत्र प्रत्येक घराने विकत घेऊन उरलेले दिवस गंजत ठेवावे, यात शहाणपण कोणते? अमेरिकेतील बर्कली शहरात १९७९ सालापासून सार्वजनिक ग्रंथालयाच्या सोबतीने अवजारांचे ग्रंथालय चालविले जात आहे. तेथे पुस्तकांप्रमाणे ड्रिल व करवती नावावर लिहून नेतात व मुदतीत परत करतात. आपल्या देशातही केंद्र सरकारच्या कृषी यांत्रिकीकरणाच्या योजनेखाली शेतकऱ्यांना भाड्याने यंत्रे देणाऱ्या केंद्रांस २०१४ नंतर साह्य मिळू लागले. मग धर्मग्रामातील एखाद्या वाड्याने किंवा लघु ख्रिस्ती समूहाने वर्गणी काढून एक चांगला कटर, एक ड्रिल आणि एक फवारणी यंत्र का ठेवू नये? फ्रेडरिक ओझानाम यांनी १८३३ साली पॅरिसमध्ये स्थापिलेली संत व्हिन्सेंट डी पॉल यांची संस्था आपल्या अनेक धर्मग्रामांतून गरिबांची सेवा करते. विधवेच्या घराभोवतीचे रान साफ करून देणे हीदेखील सेवाच नव्हे काय?

मात्र संत थॉमस यांचा इशारा विसरता कामा नये. सर्वांचे यंत्र म्हणजे कोणाचेच नव्हे, अशी गत होऊ नये म्हणून त्याचा सांभाळ एका जाणत्या माणसाकडे सोपवावा, प्रत्येक दिवसाचे अल्प भाडे ठेवावे, आणि त्या पैशातून दुरुस्ती व्हावी. ज्याला भाडे परवडत नाही, त्याचे भाडे वाड्याने भरावे. आणि ते कोणाचे भरले, हे बाहेर बोलू नये.

पोप बारावे पायस यांनी १९५५ साली १ मे हा दिवस कामकरी संत योसेफ यांचा सण म्हणून नेमून दिला. नाझरेथसारख्या लहान गावात, एकाच सुताराच्या दुकानात, शेजारी कितीदा तरी एखादे हत्यार मागावयास आले असतील. शुभवर्तमान त्याविषयी काही सांगत नाही. पण ते त्यांना नीतिमान मनुष्य म्हणते. नीतिमान माणसाचे घर उघडे असते आणि त्याचा व्यवहारही स्वच्छ असतो. या दोहोंपैकी एकच असेल, तर शेजारधर्म लंगडा पडतो.

तेव्हा वाचकहो, या रविवारी मिस्सा आटोपून घरी गेल्यावर पडवीच्या कोपऱ्यात, माळ्यावर आणि गोठ्यामागे एकदा नजर फिरवा. जे दुसऱ्याचे सापडेल ते पुसा, त्यात तेल घाला, आणि ऊन उतरले की स्वतः उचलून त्याच्या घरी नेऊन द्या. बहुत दिवस राहिले, एवढे म्हटले तरी पुरे.